एनव्हीडीए: मराठी माध्यमातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला किती पुरतो?

"एनव्हीडीएला मराठी येत नाही." पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या या सॉफ्टवेअरबद्दलची (स्क्रीन रीडरबद्दलची) ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की बऱ्याच शाळा-कॉलेजांनी ती खरीच धरून चालायला सुरुवात केली आहे. कृतिदेव फॉन्टात टंकलेली प्रश्नपत्रिका उघडा आणि 'मराठी' या शब्दावरून एकेक अक्षर सरका. ऐकू येतं: ई, जे, के, बी, एच. ऐकणाऱ्याला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं. खरं तर ते अगदी बरोबर वाचत असतं. त्या फाइलमध्ये 'मराठी' हा शब्द नाहीच, इंग्रजी पाच अक्षरं आहेत. त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवलंय, एवढंच. डोळ्यांना ते चित्र दिसतं, स्क्रीन रीडरला दिसत नाही.

या सॉफ्टवेअरचं परीक्षण करताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो. दोष कधी एनव्हीडीएचा असतो, कधी आवाजाचा, आणि बहुतेक वेळा समोर टाकलेल्या फाइलचा.

आधी वस्तूची ओळख. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला. ते स्वतः दृष्टिहीन. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले आणि एनव्ही ॲक्सेस ही विनानफा संस्था उभी राहिली. संकेतस्थळावरून उतरवून घेताना देणगी मागतात, पण ती ऐच्छिक असते. तो प्रश्न ओलांडून पुढे गेलं तरी पूर्ण सॉफ्टवेअरच मिळतं. याचा जुना आणि तगडा स्पर्धक म्हणजे जॉज. त्याचा परवाना घेतला नाही तर तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, नंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. ऑफिसातल्या गुंतागुंतीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर जॉज अजूनही सरस आहे. पण वर्ड, ब्राउझर, ईमेल आणि अभ्यासाचं साहित्य एवढंच काम असेल तर विद्यार्थ्याने परवान्यावर पैसे घालायचं कारण नाही.

जुन्या संगणकांसाठी एक सूचना. २०२४.१ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ चा आधार बंद झाला. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज ७ असेल तर २०२३.३.४ ही शेवटची चालणारी आवृत्ती. नवी फाइल टाकून ती चालत नाही म्हणून 'एनव्हीडीए खराब आहे' असं ठरवण्याआधी हे बघा.

बसवणं सोपं आहे आणि दृष्टिहीन माणूस ते एकट्याने करू शकतो, कारण फाइल उघडल्यावर आधी छोटी धून वाजते आणि इन्स्टॉलर स्वतःच बोलू लागतो. परवान्याच्या चौकटीवर खूण करायची की तीन पर्याय येतात: या संगणकावर बसवा, पोर्टेबल प्रत करा, किंवा नुसतं चालवून बघा. बसवताना 'साइन-इनच्या पडद्यावर वापरा' ही खूण काढू नका. काढली तर पासवर्ड टाकायच्या पडद्यावर शांतता असते आणि विद्यार्थी रोज सकाळी कुणाला तरी हाक मारतो. पहिल्यांदा सुरू झाल्यावर स्वागताच्या चौकटीत दोन गोष्टी ठरवून टाका. कीबोर्डचा लेआउट 'लॅपटॉप' करा आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए की (एनव्हीडीएला हुकूम देताना धरून ठेवायची की) करा. आजकालच्या लहान लॅपटॉपवर इन्सर्ट शोधायला एफएन दाबावं लागतं. त्यात बोटं अडकतात. खरा कॅप्स लॉक हवा असेल तेव्हा तीच की पटकन दोनदा दाबायची.

आता आवाज. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी येतो आणि त्यात मराठी आहे. एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबलं की बोलण्याच्या सेटिंग उघडतात, तिथे सिंथेसायझर ईस्पीक एनजी करून व्हॉइसच्या यादीतून मराठी निवडायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बातम्या वाचाव्यात तसा तो आवाज आहे. पण त्याला दोन गुण आहेत जे गोड आवाजांना नसतात. की दाबल्याबरोबर तो बोलतो, मध्ये श्वास घेत नाही. आणि वेग कितीही वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. रोज शंभर पानं ऐकायची असतील तेव्हा गोडव्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. नवख्याला मात्र वेग कमी ठेवूनच द्या. शिक्षकाने स्वतःच्या सवयीच्या वेगावर ठेवलेला संगणक मुलाच्या हातात दिला की मूल दोन दिवसांत कंटाळतं.

विंडोजमध्ये हिंदीचे हेमंत आणि कल्पना हे आवाज मिळतात, ते कानाला बरे लागतात. म्हणून काहीजण मराठीसुद्धा त्यांच्याचकडून वाचून घेतात. कथा-कादंबरीला एक वेळ चालेल, शुद्धलेखनाला चालणार नाही. 'ळ' हिंदीच्या वळणाने येतो आणि शब्दाच्या शेवटचा अ कुठे खायचा, कुठे नाही, याचे हिंदीचे नियम मराठीला लागतात. च, ज, झ यांच्या दोन-दोन उच्चारांबाबत तर कुठल्याच यंत्रावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च लिहायला एकच. लिपीच जिथे सांगत नाही तिथे यंत्राने ओळखायचं कसं?

एक सेटिंग मात्र हमखास घोळ घालते: भाषा आपोआप बदलण्याची. ती चालू असेल तर वेबपानाच्या कोडमध्ये जी भाषा नोंदवलेली असेल त्या भाषेत एनव्हीडीए वळतो. मराठी मजकूर असलेल्या कित्येक पानांच्या कोडमध्ये मात्र भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते. परिणाम असा की एक पान मराठीत, दुसरं कुठल्या तरी भलत्याच सुरात. उपाय दोन टप्प्यांचा. ही सेटिंग बंद करा. मग एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून 'मराठी' आणि 'इंग्रजी' असे दोन प्रोफाइल करा, प्रत्येकात आपापला आवाज आणि वेग ठेवा आणि 'इनपुट जेश्चर्स'मध्ये जाऊन दोघांना एकेक शॉर्टकट द्या. एका बोटाने भाषा बदलता आली की संस्कृत-इंग्रजी-मराठी अशी खिचडी असलेल्या बीएच्या नोट्सही वाचता येतात.

मूळ दुखणं फॉन्टचं आहे. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी या घराण्यांत टंकलेला मजकूर छापायला देखणा, पण स्क्रीन रीडरला निरुपयोगी. फाइल युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) आहे की नाही हे ओळखायची खात्रीची युक्ती अशी: लॅपटॉप लेआउटमध्ये एखाद्या अक्षरावर जाऊन एनव्हीडीए की धरून पूर्णविराम पटकन तीनदा दाबा. अक्षराचा क्रमांक ऐकू येतो. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ आहे. खरा 'म' असेल तर २३५० ऐकू येईल. कृतिदेवमधल्या 'म'वर १०१ ऐकू येतं, म्हणजे इंग्रजीतला लहान लिपीचा ई. डोळसांसाठी याहून सोपं: सगळा मजकूर निवडून फॉन्ट मंगल किंवा निर्मला करा. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला की समजा.

असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यालाही पथ्यं आहेत. कन्व्हर्टर नेमक्या त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीच्या एका संचाचा दुसऱ्याला चालत नाही, वरवर चालल्यासारखा वाटतो आणि जोडाक्षरांत फसवतो. मजकुरात मधूनमधून खरं इंग्रजी असेल तर तेही बदलून जातं. कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून इंग्रजी 'मी' अर्थाचा एम-ई हा शब्द गेला की 'उम' होऊन बाहेर येतो. म्हणून आधी इंग्रजी शब्द बाजूला काढा, मग मराठी फिरवा. फिरवल्यावर रफार, ळ, 'श्र', 'ऱ्या' आणि आकडे एवढं तपासलं तरी बहुतेक चुका सापडतात. वेलांटी एका अक्षराने मागे-पुढे सरकलेली असू शकते, कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जायची.

पीडीएफचं वेगळं. ती आली की आधी कंट्रोल ए, कंट्रोल सी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. काहीच उमटलं नाही तर पानांचे फोटो आहेत. इंग्रजी कचरा आला तर जुना फॉन्ट. मराठीच आलं पण काना-मात्रा विखुरलेल्या आल्या, तर पीडीएफ करतानाच अक्षरांची साखळी तुटली. अशा वेळी मूळ वर्ड फाइल मागणं हाच शहाणपणा, दुरुस्त करत बसण्यात रात्र जाते.

फोटोंच्या पीडीएफसाठी लोक एनव्हीडीए आणि आर दाबतात आणि निराश होतात. ती सोय विंडोजच्या अक्षर-ओळखीवर चालते, तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. मराठीसाठी दोन रस्ते: टेसेरॅक्ट या अक्षर-ओळख सॉफ्टवेअरचा मराठी संच, किंवा गुगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गुगल डॉक्समध्ये उघडणं. दुसरा सोपा. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, म्हणजे पुस्तकाचे तुकडे करूनच चढवा. स्कॅन ३०० डीपीआयचा, पान सरळ, आणि उघड्या पुस्तकाची दोन पानं एका फोटोत असतील तर आधी मधोमध कापा. नाहीतर डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीला जाऊन मिळते आणि इतिहासाच्या धड्यात दोन शतकं एकत्र होतात. दोन रकान्यांच्या मजकुराचंही तेच.

शिक्षकांकडून काय हवं, तर फार काही नको. वर्ड फाइल, युनिकोड मराठी, आणि शीर्षकांना जाड-मोठं करण्याऐवजी 'हेडिंग' स्टाइल. वर्डमध्ये एनव्हीडीए आणि स्पेस दाबून वाचनाची पद्धत चालू केली की नुसतं एच दाबत शीर्षकाहून शीर्षकावर उडी मारता येते, टी दाबलं की तक्त्यावर. ऐंशी पानांच्या नोट्समध्ये 'प्रकरण चौथं' शोधायला बाण दाबत बसावं लागणं आणि चार वेळा एच दाबणं यात किती अंतर आहे ते परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं. व्हॉट्सॲपवर फळ्याचा फोटो टाकणं याला नोट्स देणं म्हणू नये, एवढं तरी कुणी स्टाफरूममध्ये सांगावं.

मराठी टंकायचं तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड. फोनेटिक सोपं वाटतं, पण त्यात शब्दांच्या सूचनांची खिडकी उघडली की कान तिकडे जातात आणि लिहिणं राहतं. इन्स्क्रिप्टमध्ये जो क्रम बोलण्याचा तोच टंकण्याचा: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'मराठी'साठी सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाची की, आर. बास. पाय मोडण्यासाठी डी. शिकताना एनव्हीडीए आणि २ दाबून अक्षरांचा प्रतिध्वनी चालू ठेवा. हात बसल्यावर तो बंद करून एनव्हीडीए आणि ३ ने फक्त शब्दांचा ठेवा.

इथे डोळसांना न जाणवणारी एक खोच आहे. बाण दाबला की कर्सर पूर्ण जोडाक्षर ओलांडतो. 'लक्ष्मी'मधलं 'क्ष्मी' एका झटक्यात जातं. डिलीटही सबंध जोडाक्षर उडवतं. पण बॅकस्पेस एकेक घटक काढतं: आधी दीर्घ ई, मग म, मग पाय. म्हणून वेलांटीची चूक दुरुस्त करायची असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस दाबायचं, डिलीट कधीच नाही. दुसरी खोच चंद्राच्या र ची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा शब्द इन्स्क्रिप्टवर ओ, शिफ्ट जे, डी, तिरकी रेघ, ई असा येतो. शिफ्ट विसरलं की निबंधातला सह्याद्री समुद्रात बुडतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते निसटू शकतं. शंका आली तर पुन्हा तीच युक्ती: साधा र २३५२, दुसरा २३५३.

गणितात एनव्हीडीए एकटा कमी पडतो. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर 'ग्राफिक' एवढंच ऐकू येतं. मॅथएमएलमध्ये (गणित मजकूर म्हणून लिहिण्याच्या पद्धतीत) लिहिलेलं असेल तर मॅथकॅट या समीकरणं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ते वाचता येतं, आणि एनव्हीडीए, आल्ट आणि एम दाबून समीकरणाच्या आत शिरून अंश-छेद वेगवेगळे ऐकता येतात. आलेख आणि भूमिती यांना अजून उठावाचे कागद आणि शिक्षकाचा हात हेच लागतात.

ब्रेल येणाऱ्या मुलांनी ते सोडू नये. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं राहतं, हे कुठलाही विशेष शिक्षक सांगेल. ऑर्बिट रीडर २० सारखा वीस खणांचा ब्रेल डिस्प्ले एनव्हीडीएला जोडता येतो आणि ब्रेलच्या सेटिंगमध्ये मराठीची सारणी निवडता येते. वीस खण म्हणजे मराठीचे जेमतेम तीन-चार शब्द, हे धरून चाला. निबंध वाचायला अपुरे, शुद्धलेखन तपासायला पुरेसे.

परीक्षेचा भाग नीट वाचा, कारण इथे सॉफ्टवेअरइतकंच कागदपत्रांना महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि संगणकावर परीक्षा असेल तर आदल्या दिवशी यंत्रणा तपासून बघण्याची मुभा मिळाली. २०१८ च्या सुधारित सूचनांत स्वतःचा लॅपटॉप नेता येत नव्हता, पण कीबोर्डसारखी पूरक साधनं नेता येत होती. या सुधारित सूचनांमागचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि त्यातल्या 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ची अट ४० टक्क्यांची. आदल्या दिवशीची तपासणी हा हक्क बहुतेक विद्यार्थी सोडून देतात. सोडू नका. तपासायला जाताना ही यादी: मराठी आवाज निवडलेला आहे का, मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये घातलेला आहे का, विंडोज आणि स्पेस दाबल्यावर तो बदलतो का, नमुना प्रश्नपत्रिका त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून ऐकू येते का. यातल्या चौथ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळा घोडं अडतं. काही परीक्षा-सॉफ्टवेअर बाहेरचा कुठलाच प्रोग्रॅम चालू देत नाहीत, मग एनव्हीडीए तिथे असूनही मुका.

केंद्रावर एनव्हीडीए बसवू देत नसतील तर पेनड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत चालवू देता का विचारा. टूल्समधून ती दोन मिनिटांत तयार होते आणि आपले प्रोफाइल तिच्यात जातात. मर्यादा एकच: साइन-इनच्या आणि विंडोजच्या परवानगी विचारणाऱ्या पडद्यांवर ती बोलत नाही. हेडफोन वायरवाला न्या. ब्लूटूथवाला मधल्या शांततेत झोपतो आणि पुढच्या शब्दाचा पहिला अवयव गिळतो. 'अयोग्य'चं 'योग्य' ऐकू आलं की बहुपर्यायी प्रश्नात काय होईल ते सांगायला नको. पर्यवेक्षकाला संशय असेल तर टूल्समधला 'स्पीच व्ह्यूअर' उघडून द्या. एनव्हीडीए जे बोलतो ते सगळं तिथे अक्षरांत दिसतं. शिक्षकांनीही शिकवताना तो उघडा ठेवावा, कान नसेल सरावला तरी काय चाललंय ते कळतं.

मदतीच्या बाबतीत २०२५.१ या आवृत्तीने मोठं काम केलं: दुसऱ्याच्या संगणकावर दुरून काम करण्याची सोय आतच आली. रत्नागिरीतल्या मुलाचा संगणक पुण्यात बसलेला प्रशिक्षक चालवू शकतो आणि तिथला आवाज त्याला स्वतःच्या एनव्हीडीएत ऐकू येतो. एकाने 'नियंत्रण देणारा', दुसऱ्याने 'नियंत्रण घेणारा' व्हायचं आणि दोघांनी एकच किल्ली टाकायची. ही किल्ली म्हणजे घराचीच किल्ली. काम झालं की जोडणी तोडा आणि पुढच्या वेळी नवी घ्या.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेलं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात आणायला कॉपीराइट कायद्यातच २०१२ च्या दुरुस्तीने सवलत आहे, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयाने 'स्कॅन करून देता येत नाही, कॉपीराइट आहे' असं सांगितलं तर हे कलम ५२ दाखवा.

हे सॉफ्टवेअर कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. थोडं दिसणाऱ्या मुलाला सगळा पडदा ऐकवत बसण्यापेक्षा विंडोज आणि अधिक चिन्ह दाबून मॅग्निफायर द्या. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला बटणांची नावं ऐकण्यात रस नसतो, त्याला मजकूर ऐकता-ऐकता बघायचा असतो. त्याच्यासाठी एज ब्राउझरची मोठ्याने वाचण्याची सोय चांगली, तिचे मराठी आवाज ईस्पीकपेक्षा पुष्कळ माणसाळलेले आहेत, फक्त इंटरनेट लागतं.

'अचानक बोलायचंच बंद झालं' ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि दहापैकी नऊ वेळा बोट चुकून एनव्हीडीए आणि एस वर पडलेलं असतं. त्याने बोलण्याऐवजी नुसता टूं-टूं आवाज येतो किंवा तोही बंद होतो. तीच जोडी पुन्हा दाबत राहा, बोलणं परत येतं. एकाच प्रोग्रॅममध्ये शांतता असेल तर लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए, शिफ्ट आणि झेड (डेस्कटॉप लेआउटमध्ये झेडऐवजी एस) दाबलं गेलं असेल, तसंच पुन्हा दाबा. तरीही काही नाही तर कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करा. आणि सेटिंगांचाच विचका झाला असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि आर पटापट तीनदा: सगळं कारखान्यातून आल्यासारखं होतं. मराठी आवाज मात्र मग पुन्हा निवडावा लागतो.